धर्मादायाची वजावट : वऱ्हाडच्या बाजारपेठेतील एका रूढीचा इतिहास

वऱ्हाडातील कापूस-बाजाराच्या जुन्या व्यवहारात कास्तकाराच्या हाती शेवटी जी पट्टी पडे, तिच्यात मालाची एकूण किंमत वर आणि वजावटींची रांग खाली अशी मांडणी असे. अडत, दलाली, हमाली, तोलाई, कडता या नोंदींच्या जोडीला 'धर्मादाय' म्हणून एक लहानशी रक्कम वजा पडलेली असे. कोठे तिलाच 'गोरक्षण' किंवा 'पाठशाळा' असे नाव असे. पहिल्या पाच बाबींविषयी कास्तकार कुरकुर करी, प्रसंगी हुज्जतही घाली. धर्मादायाविषयी मात्र तो सहसा बोलत नसे. धर्माच्या नावावर चार पैशांसाठी वाद घालणे त्यास अप्रशस्त वाटे, आणि व्यापाऱ्यासही हे ठाऊक असे. पेढीवर किंवा दुकानाच्या गल्ल्यावर, देवघेवीच्या शेवटच्या क्षणी, दुसऱ्याच्या हिशेबातून दानाची रक्कम काढून घेण्याची ही रीत आपल्याकडे बरीच जुनी आहे. तिचे मूळ कोणते, बाजाराच्या घडणीबरोबर तिचे रूप कसे पालटले आणि कायद्याने तिच्याकडे कोणकोणत्या दृष्टींनी पाहिले, याचा विचार प्रस्तुत निबंधात योजिला आहे.

या विचारासाठी यवतमाळ जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागातील फुलसावंगीसारखे गाव दृष्टीसमोर ठेवणे सोयीचे आहे. आज महागाव तालुक्यात असलेले हे गाव पूर्वीच्या विस्तीर्ण पुसद तालुक्यातील. १९०५ सालच्या फेररचनेपूर्वी तो तालुका वाशीम जिल्ह्यात मोडत असे. त्या वर्षी तो जुन्या वणी जिल्ह्यास जोडला गेला व त्या जिल्ह्यास यवतमाळ हे नाव मिळाले. काळ्या जमिनीचा, कापूस आणि ज्वारी पिकविणारा हा पैनगंगेच्या खोऱ्यातील प्रदेश. नदीच्या उत्तरेस वऱ्हाड, दक्षिणेस निजामाचा मराठवाडा. रेल्वे या भागापर्यंत आलेली नसल्याने माल बैलगाडीनेच पेठेत न्यावा लागे. फुलसावंगीच्या कास्तकाराने कापसाची बंडी जुंपून पुसदची अथवा उमरखेडची वाट धरावी आणि तेथे ठरेल त्या भावाने माल घालून परतावे, असाच या टापूतील साधारण क्रम होता. एकदा माल घेऊन आलेली बंडी भरलेलीच परत नेणे त्यास परवडत नसे. धर्मादायाच्या इतिहासात ही साधी गोष्ट वारंवार महत्त्वाची ठरते.

१. रूढीचे मूळ

'धर्मादाय' हा शब्द बाजारात जन्मलेला नव्हे. मराठेशाहीच्या दप्तरांत तो राज्याच्या खर्चाची एक बाब म्हणून आढळतो. देवस्थाने, विद्वान ब्राह्मण, फकीर, मठ यांस दिलेली नेमणूक धर्मादाय या सदराखाली खर्ची पडे. दाता स्वतः राजा किंवा सरदार असे आणि दान त्याच्याच वसुलातून होत असे. गावगाड्यात दानाचे दुसरे रूप होते. रास तयार झाली की खळ्यावरच देवाचा, बलुतेदाराचा आणि याचकाचा वाटा निघे. येथे देणारा कास्तकार स्वतः उभा असे, घेणारा त्याच्या डोळ्यांसमोर असे, आणि मूठ किती भरावी हे पीक पाहून ठरे.

बाजारात माल आला की त्यातून मूठभर उचलण्याचा हक्क सांगणारे आणखी निराळे. 'फसकी' आणि 'शेव' हे मराठीतील जुने शब्द या प्रकारचे आहेत. विक्रीस आलेल्या धान्यातून किंवा भाजीतून मूठभर भाग पाटील, कुळकर्णी, चौगुला अथवा बाजाराचा अंमलदार घेत असे. या उचलीत धर्माचा संबंध नव्हता. हा हक्क होता. परंतु खळ्यावरील ऐच्छिक मूठ आणि बाजारातील हक्काची मूठ या दोहोंचा आकार एकच होता. बाजारातील धर्मादायाने पहिलीचे नाव घेतले आणि दुसरीची रीत उचलली, असे म्हणता येईल.

तिसरा प्रवाह व्यापारी महाजनांचा. गुजराती, जैन व मारवाडी व्यापाऱ्यांच्या पेठांत मालाच्या प्रत्येक नगावर ठराविक 'लाग' बसवून त्यातून सामाईक धर्मकार्य चालविण्याची पद्धत रूढ होती. मुंबईतील पांजरपोळ हे याचे ठळक उदाहरण. १८३२ साली भटक्या कुत्र्यांच्या कत्तलीवरून मुंबईत दंगा उसळला. त्यानंतर १८३४ साली जमशेटजी जीजीभॉय व सेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने पांजरपोळाची स्थापना झाली आणि तिच्या खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर लाग मान्य केला. हा लाग व्यापाऱ्यांनी परस्परांच्या संमतीने स्वतःवर बसविलेला होता, ही त्याची विशेषता होय. आयात-निर्यातीच्या पेठेत विकणारा व घेणारा दोघेही महाजनच असत. दोघांसही संस्था ठाऊक असे व तिच्या कारभारात दोघांसही स्थान असे. हीच पद्धत जेव्हा महाजनांच्या वर्तुळाबाहेर, कास्तकार आणि अडत्या यांच्या व्यवहारात आली, तेव्हा तिचा अर्थ बदलला.

२. कापसाची पेठ आणि पट्टी

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा अमेरिकन कापसाचा पुरवठा तुटला आणि वऱ्हाडच्या कापसास अभूतपूर्व मागणी आली. लोहमार्ग वऱ्हाडातून नागपूरपर्यंत गेला, १८७० साली खामगावचा फाटा खुला झाला, आणि खामगाव, अकोला, अमरावती, कारंजा या पेठा मुंबईच्या व त्यायोगे लिव्हरपूलच्या बाजाराशी जोडल्या गेल्या. खेड्यातील कास्तकार आणि परदेशातील गिरणी यांच्यामध्ये अडत्या, दलाल, मापारी, हमाल, जिनवाला आणि खरेदीदार अशी साखळी उभी राहिली.

या साखळीतील प्रत्येक दुव्याचा मोबदला कास्तकाराच्या पट्टीतूनच निघत असे. भाव ठरविण्याची रीत अशी की, अडत्या व खरेदीदार हातावर रुमाल टाकून बोटांच्या खुणांनी बोलत. ज्याचा माल त्यालाच भाव शेवटी कळे. मग वजन होई, कडता कापला जाई आणि हिशेब लिहिला जाई. धर्मादायाची नोंद येथे, म्हणजे भाव ठरून व माल तोलून झाल्यानंतर येत असे. या क्रमाकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. देणगी मागण्याचा प्रसंग व्यवहाराच्या आरंभी आला तर देणारा नकार देऊ शकतो. भाव फिरवून पाहू शकतो. माल काट्यावरून उतरल्यानंतर आणि परतीची वाट पुढे असताना आलेली मागणी ही मागणी उरत नाही, ती नोंद होते.

बाजाराच्या नियमनास आरंभही याच प्रदेशात झाला. वाशीमजवळचे कारंजा येथे हैदराबाद रेसिडेंसीच्या आदेशाखाली १८८६ साली नियंत्रित बाजार सुरू झाला, आणि १८९७ साली वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा अस्तित्वात आला. दलाल व मापारी यांस परवाने असावेत, व्यवहार ठराविक आवारात व्हावा, हा या कायद्याचा मुख्य रोख. हिंदुस्थानातील बाजार-नियमनाचा तो पहिला महत्त्वाचा प्रयत्न होय. परंतु बाजार समित्यांवर नगरपालिकेचे व व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी असत. माल पिकविणाऱ्यास तेथे स्थान नव्हते. वजावटींची रूढी ठरविणारे आणि त्या रूढीवर देखरेख करणारे बहुतांशी एकच होते.

३. रूढीच्या बाजूने काय म्हणता येईल

या रूढीस केवळ लुबाडणूक म्हणून निकालात काढणे इतिहासाच्या दृष्टीने न्याय्य होणार नाही. पेठेच्या गावातील धर्मशाळा, पाणपोई, सदावर्त, गोरक्षण संस्था, संस्कृत पाठशाळा यांचा निर्वाह ज्या पैशांवर होई, त्यात पेढ्यांच्या धर्मादाय खात्याचा भाग मोठा असे. सरकार अशा कामी खर्च करीत नव्हते. रात्री मुक्कामास राहिलेला गाडीवान त्याच धर्मशाळेच्या ओट्यावर निजे आणि त्याचे बैल त्याच हौदावर पाणी पीत. अनेक सचोटीच्या पेढ्यांत धर्मादायाचे खाते स्वतंत्र असे, आणि त्या खात्यातील पैसा घरखर्चास लावणे हे पाप मानले जाई. कायद्याचा धाक नसताना केवळ लोकलज्जा व पापभीरुता यांवर हे खाते शाबूत राहत असे, ही गोष्ट लहान नव्हे.

दुसरे समर्थन अर्थशास्त्रीय आहे. वजावट सर्वांस ठाऊक असेल तर विकणारा ती धरूनच भाव सांगतो. म्हणून तिचा भार शेवटी कास्तकारावर पडतो असे नाही, असा हा युक्तिवाद. तो तत्त्वतः चुकीचा नाही. परंतु त्यासाठी दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात : वजावटीचे दर आधी ठाऊक असावेत, आणि एका पेठेतील निव्वळ भाव दुसरीतील निव्वळ भावाशी ताडून पाहता यावा. दर पेठेपेठेत निराळे, नावे निराळी, नोंद शेवटी, आणि भाव रुमालाखाली, अशा स्थितीत या अटी पुऱ्या होणे कठीण. शंभर रुपयांच्या मालास दोन आणे धर्मादाय धरला तर तो किंमतीचा आठशेवा भाग होतो. एवढ्या सूक्ष्म रकमेसाठी कोणी पेठ बदलत नाही. आणि म्हणूनच ती रक्कम कोणत्याही स्पर्धेने कमी होत नाही. सूक्ष्मता हीच या वसुलीची ढाल होती.

४. वजावट म्हणून निषेध

१९२६ साली नेमलेल्या शाही कृषी आयोगाने, ज्याचे अध्यक्ष लॉर्ड लिनलिथगो होते, आपला अहवाल १९२८ साली सादर केला. वऱ्हाडच्या बाजारांची पद्धत त्यात तपासली गेली. तिच्यातील उणिवा दाखवून, नियंत्रित बाजारांची योजना इतर प्रांतांस व इतर शेतमालास लागू करावी अशी शिफारस आयोगाने केली. वजने-मापे, गुप्त भाव आणि मनमानी वजावटी हे टीकेचे मुख्य विषय होते. पुढे १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या गव्हाच्या विक्रीवरील सरकारी अहवालातही गोशाळा, पाठशाळा, धर्मादा अशा नावांनी होणाऱ्या वजावटींची दखल घेतली गेली. धर्मादाय ही केवळ वऱ्हाडची खोड नसून उत्तर व पश्चिम हिंदुस्थानच्या पेठांची सर्वसाधारण रीत होती, हे त्यावरून स्पष्ट होते.

कायदे मात्र प्रदेशपरत्वे निरनिराळे झाले. मुंबई इलाख्यात १९२७ चा कापूस बाजार कायदा आला. मध्यप्रांत-वऱ्हाडात १९३२ साली कापूस बाजारासाठी आणि १९३५ साली इतर शेतमालासाठी कायदे झाले. पैनगंगेच्या दक्षिणेस हैदराबाद संस्थानाने १३३९ फसली, म्हणजे १९३० च्या सुमारास, स्वतःचा शेतमाल बाजार कायदा केला. फुलसावंगीच्या परिसरातून नदी ओलांडली की कायदा बदले. पट्टीतील धर्मादाय मात्र दोन्ही तीरांवर ओळखीचा होता. १९५६ साली राज्यपुनर्रचनेने हे तुकडे एका राज्यात आले, आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६३ चा शेतमाल विपणन विनियमन कायदा सबंध राज्यासाठी झाला. त्या वर्षाच्या अखेरीस मुख्यमंत्रिपदी आलेले वसंतराव नाईक हे पुसद तालुक्यातील गहुलीचे होत, आणि १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदीची योजनाही त्यांच्याच कारकीर्दीत अमलात आली.

बाजार-नियमनाच्या या परंपरेत वजावटीसंबंधीचे सूत्र थोडक्यात असे मांडता येते : नियमांनी वा उपविधींनी जी सूट ठरवून दिली असेल तिच्याव्यतिरिक्त कोणतीही वजावट कोणी करू नये. धर्मादायाचा हेतू चांगला की वाईट, पैसा गोरक्षणास गेला की पेढीत राहिला, हा प्रश्नच या सूत्रात उद्भवत नाही. कास्तकाराच्या घामाच्या किंमतीतून त्याच्या अनुमतीवाचून काही काढू नये, एवढेच त्यास अभिप्रेत आहे. हे उत्तर सरळ आहे आणि त्याचे बळ या सरळपणातच आहे. परंतु ते केवळ शेतमाल विकणाऱ्याच्या बाजूचे आहे. तोच कास्तकार दुसऱ्या दुकानी कापड किंवा किराणा घेण्यास गेला आणि बिलाच्या शेवटी त्याच्याकडून धर्मादाय आकारला गेला, तर बाजार कायदा तेथे पोहोचत नाही.

५. न्यास म्हणून मान्यता

ग्राहकाच्या बिलावरील धर्मादायाचा विचार कायद्याच्या दुसऱ्या शाखेने केला, आणि त्याची सुरुवात या शब्दाविषयीच्या संशयातून झाली. १८९९ साली प्रिव्ही कौन्सिलने मुंबईकडील रणछोडदास विरुद्ध पार्वतीबाई या खटल्यात, मृत्युपत्रान्वये 'धरम' या कारणासाठी ठेवलेली देणगी अनिश्चिततेमुळे निरर्थक ठरविली. धर्म या शब्दाची व्याप्ती एवढी मोठी की न्यायालयास त्या न्यासावर देखरेख करता येणार नाही, असा त्यामागील विचार. ज्या शब्दात समाजास सर्व पुण्यकार्य सामावलेले दिसे, त्याच शब्दात न्यायासनास धरण्याजोगे काही सापडले नाही.

याचा व्यावहारिक परिणाम गंभीर होता. धर्मादायाची देणगीच कायद्याने निरर्थक असेल, तर पेढीकडे जमलेली रक्कम कोणाची? ती व्यापाऱ्याचीच, असे म्हणण्यास वाव राहतो. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने या ठिकाणी निश्चित पाऊल टाकले. त्याच्या ५४ व्या कलमान्वये, धंद्याच्या रूढीनुसार किंवा उभयपक्षी करारानुसार, कोणत्याही नावाने का होईना, धार्मिक वा धर्मादाय कार्यासाठी म्हणून जी रक्कम व्यवहारातील पक्षाकडून आकारली जाते, ती आकारणाऱ्याकडे विश्वस्त या नात्याने निहित होते. त्याने हिशेबाचे वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांच्या आत तिचा हिशेब धर्मादाय उपआयुक्त किंवा सहायक आयुक्त यांस सादर करावयाचा असतो, आणि त्या हिशेबाची चौकशी करण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्यास आहे. त्या वेळी यवतमाळ जिल्हा मध्यप्रदेशात असल्याने हे कलम वऱ्हाडास लागू नव्हते. मुंबई राज्यात समावेश झाल्यानंतर हा कायदा विदर्भापर्यंत विस्तारला. पेढीवरील पापभीरुतेने जे काम केले होते, ते आता कलमाने करावयाचे होते.

या कलमाने रूढी मोडली नाही. उलट तिला अधिष्ठान दिले. बाजार कायदा म्हणतो, 'वजा करू नका'. विश्वस्त कायदा म्हणतो, 'घेतले असेल तर हिशेब द्या'. एकाच रकमेविषयीची ही दोन उत्तरे एकमेकांस छेद देत नाहीत, परंतु ती एकमेकांस पूरकही होत नाहीत. पहिल्यास देणाऱ्याच्या संमतीची चिंता आहे, दुसऱ्यास घेणाऱ्याच्या प्रामाणिकपणाची.

आयकर कायद्यापुढे हाच प्रश्न निराळ्या वेषात आला. हाथरस येथील बिजली कॉटन मिल्स या गिरणीने गिऱ्हाइकांकडून बिलातून धर्मादा वसूल करून वेगळ्या खात्यात ठेवला होता; ती रक्कम गिरणीचे उत्पन्न मानावी काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७८ च्या निर्णयात, जो न्यायमूर्ती तुळजापूरकर यांनी लिहिला, व्यापाराच्या परिभाषेत धर्मादा या शब्दास धर्मादाय कार्य असा निश्चित अर्थ आहे, म्हणून १८९९ च्या निर्णयातील अनिश्चिततेचा दोष त्यास लागत नाही, असे ठरले. ही रक्कम देणे गिऱ्हाइकास भाग असले तरी ती मालाच्या किंमतीचा भाग होत नाही. ती आरंभापासूनच धर्मकार्यासाठी राखलेली असते. व्यापारी हा केवळ तिचा वाहक आहे.

उत्पादन शुल्काच्या बाबतीत मध्यंतरी विरुद्ध मत पुढे आले होते. परंतु संगमनेरच्या डी. जे. मालपाणी या तंबाखू व्यवसायातील पेढीच्या प्रकरणात २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या मोठ्या पीठाने १९७८ चाच सिद्धांत उचलून धरला व बिलात दाखविलेला धर्मादा मालाच्या मूल्यात मिळविता येणार नाही, असा निर्णय दिला. या दोन्ही निर्णयांचे तात्पर्य व्यापाऱ्यास करदृष्ट्या अनुकूल आहे, हे उघड दिसते. परंतु त्यांचा दुसरा अर्थ तितकाच महत्त्वाचा आहे. रक्कम व्यापाऱ्याची नसेल, तर तिच्यातून झालेले दानही व्यापाऱ्याचे म्हणता येणार नाही. ज्या युक्तिवादाने पेढी करातून मुक्त होते, त्याच युक्तिवादाने ती दातृत्वाच्या कीर्तीवरील हक्क सोडून देते.

६. दाता कोण?

धर्मशास्त्रकारांनी दानाची सहा अंगे सांगितली आहेत. दाता, प्रतिग्रहीता, श्रद्धा, देय वस्तू, देश आणि काल. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात त्यांचा परामर्श घेतला आहे. या कसोटीवर पट्टीतील धर्मादाय लावून पाहिला म्हणजे त्याचे वैगुण्य ध्यानात येते. देय वस्तू आहे, देश व काल आहेत, प्रतिग्रहीताही कोठेतरी आहे. परंतु ज्याचे द्रव्य जाते त्या कास्तकाराने देण्याचा संकल्प केलेला नाही, आणि ज्याने संकल्प केला त्या व्यापाऱ्याचे द्रव्य गेलेले नाही. दाता आणि श्रद्धा ही दोन अंगे दोन निरनिराळ्या माणसांत विभागली गेली आहेत. धर्मशाळेच्या कोनशिलेवर पेढीचे नाव कोरले जाते. ज्यांच्या बंड्यांतून तिचा दगड न् दगड आला त्यांचे नाव कोठेच नसते.

लहान रकमा अनेकांकडून गोळा करणे हे मुळातच दोषास्पद आहे, असा याचा अर्थ नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना मांडली. प्रत्येकाने वर्षास एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभे राहावेत, एवढीच ती कल्पना. लोकमान्य टिळकांनी तिचा पुरस्कार केला आणि १९०८ साली तळेगाव येथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. तेथे रक्कम धर्मादायापेक्षाही सूक्ष्म होती. परंतु पैसा मागणारा दारी येई, कशासाठी हे सांगे, आणि नाही म्हणण्यास देणारा मोकळा असे. त्यामुळे पैसा देणारा स्वतःस कारखान्याचा भागीदार समजे.

धर्मादायाची रीत केवळ जुन्या पेढ्यांबरोबर संपलेली नाही. सहकारी साखर कारखानदारी वाढल्यावर उसाच्या बिलातून शिक्षणसंस्था, सहायता निधी अशा कारणांसाठी होणाऱ्या कपातीवर महाराष्ट्रात वेळोवेळी वाद झाले. २०२५ साली अतिवृष्टी व पूर यांच्या पार्श्वभूमीवर राज्य शासनाने गाळपाच्या प्रत्येक टनामागे १५ रुपये, त्यांपैकी १० मुख्यमंत्री सहायता निधीसाठी व ५ पूरग्रस्त शेतकऱ्यांसाठी, घेण्याचे ठरविले तेव्हा उठलेला प्रश्न जुनाच होता : हे पैसे कारखान्याचे की ऊस पिकविणाऱ्याचे? ते कारखान्यांच्या नफ्यातून घ्यावयाचे आहेत, असा खुलासा शासनास करावा लागला, यावरूनच या प्रश्नाची तीव्रता दिसते. कारणाच्या योग्यतेविषयी तेथे वाद नव्हता. वाद दाता कोण यासंबंधी होता.

मोठ्या शहरांतील दुकानांत व भ्रमणध्वनीवरील खरेदीत आज ग्राहकास बिल चुकते करताना 'पूर्ण रुपया करून उरलेले दान करावयाचे काय' असे विचारले जाते. पाश्चात्य देशांत ही पद्धत फार फोफावली आहे. अमेरिकेतील अशा मोठ्या मोहिमांतून २०२२ या एका वर्षात सुमारे ७४ कोटी ९० लाख डॉलर जमा झाल्याची नोंद आहे. तेथील ग्राहकांत 'आमच्या दानावर दुकानदार करसवलत घेतो' असा समज दृढ आहे. वास्तविक ग्राहकाने दिलेली रक्कम ही दुकानदाराचे उत्पन्न नव्हे, म्हणून त्यावर त्यास स्वतःची म्हणून वजावट मागता येत नाही. हाथरसच्या गिरणीच्या खटल्यात निघालेला निष्कर्ष तत्त्वतः हाच होय. दुकानाचा लाभ करात नसून नावलौकिकात आहे, आणि तो लाभ वऱ्हाडच्या पेढीसही होताच.

जुन्या पट्टीशी तुलना करता या नव्या रीतीत एक सुधारणा निश्चित आहे : ती विचारते. जेथे खूण आधीच केलेली असते व ग्राहकाने ती शोधून पुसावी अशी अपेक्षा असते, तेथे मात्र ही सुधारणा नाममात्र राहते. उलट एका बाबतीत नवी रीत जुनीपेक्षा उणी आहे. कास्तकारास निदान त्या पेठेतील धर्मशाळा दिसत असे. नव्या ग्राहकास आपला रुपया कोठे पोहोचला हे सहसा दिसत नाही. गल्ल्यासमोर रांगेत उभ्या माणसास मागे लोक खोळंबलेले असताना एका रुपयास नकार देणे जड जाते; रिकामी बंडी आणि परतीची वाट यांचेच हे नवे रूप होय.

या समग्र इतिहासातून जो निष्कर्ष निघतो तो असा. कायद्याने धर्मादायास दोन वेगवेगळ्या दारांनी गाठले. बाजार कायद्याने शेतमाल विकणाऱ्याच्या संमतीचे रक्षण केले, पण जमलेल्या पैशाच्या विनियोगाचा प्रश्न सोडून दिला. विश्वस्त कायद्याने विनियोगाचा हिशेब मागितला, पण रक्कम देणाऱ्यास ती द्यावयाची होती काय, हे विचारले नाही. दानास मात्र दोन्ही गोष्टी लागतात. देण्यापूर्वी विचारणा आणि दिल्यानंतर हिशेब. पैसा फंडाच्या उदाहरणात पहिली होती म्हणून लोकांनी दुसरीची मागणी हक्काने केली असती. फुलसावंगीहून निघालेल्या कास्तकाराच्या पट्टीत पहिली नव्हती, म्हणून दुसरीची मागणी करण्याचे त्यास कधी सुचले नाही. जे आपण दिले असे त्यास वाटलेच नव्हते, त्याचा हिशेब तो कोणत्या नात्याने मागणार?